उजेड डोळ्यात नेमकं काय करतो? उणे १९५ अंशांवर सापडलेलं उत्तर

हे या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही किंवा ऐकता ऐकता आकडे हातातून निसटतात, त्यांच्यासाठी. बोलताना जे म्हटलं ते बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त पाल्हाळ कापलंय.

आजचा प्रश्न शाळकरी वाटेल असा आहे. उजेड डोळ्यात शिरतो आणि आपल्याला दिसतं. मधे काय होतं? पुस्तकातलं उत्तर आपल्याला पाठ आहे: भिंगातून किरण वळतात, दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते, मेंदू ती सुलटी करून घेतो. पण हे झालं कॅमेऱ्याचं उत्तर. प्रतिमा पडली, ठीक आहे. पण ती पडली हे पेशीला कळलं कसं? कुठेतरी उजेडानं एखाद्या रेणूला हात लावला असणार. तो कुठल्या रेणूला लावला, आणि हात लावून नेमकं काय केलं?

विसाव्या शतकातल्या काही शास्त्रज्ञांनी याचं उत्तर शोधायला एक विचित्र वाटावा असा मार्ग धरला. त्यांनी डोळ्यातलं रंगद्रव्य काढलं, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलं, आणि मग त्यावर उजेड टाकला. जिवंत डोळा जिथे एक क्षणही तग धरणार नाही, तिथे त्यांना पाहण्याची पहिली पायरी दिसली. आजचा भाग त्याच प्रयोगांबद्दल.

उजेडात उडणारा रंग

सुरुवात १८७६ सालातली. रोममध्ये काम करणाऱ्या फ्रान्झ बोल यांनी अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल काढून पाहिलं. ते लालसर होतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा रंग उडत गेला. उजेडामुळे. पुढे हायडेलबर्गमध्ये विल्हेल्म क्यूने यांनी हे द्रव्य पेशींमधून वेगळं काढलं आणि त्याचा कसून अभ्यास केला. आज आपण त्याला रोडॉप्सिन म्हणतो. आपल्या दृष्टिपटलातल्या ज्या दंडाकार पेशी मंद उजेडात काम करतात, त्या या द्रव्यानं अक्षरशः ठासून भरलेल्या असतात. माणसाच्या एका दंडाकार पेशीत साधारण दहा कोटी रेणू!

१९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टिपटलात 'अ' जीवनसत्त्व सापडलं. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, हे माहीत होतं. आता त्याचं कारण दिसायला लागलं. रोडॉप्सिनचे दोन भाग असतात. एक मोठं प्रथिन, ऑप्सिन. आणि त्याच्या पोटात बसलेला एक छोटा रेणू, रेटिनल. हे रेटिनल शरीर 'अ' जीवनसत्त्वापासून बनवतं. ऑप्सिन एकटं असेल तर त्याला दिसणारा उजेड शोषता येत नाही. रेटिनल आत बसलं की त्या जोडीचा रंग गुलाबी-जांभळा होतो, म्हणजे ती साधारण ५०० नॅनोमीटरचा हिरवट उजेड सगळ्यात जास्त शोषते.

रेटिनल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक शेपटी. शेपटीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. एकेरी बंधाभोवती रेणू सहज फिरू शकतो, दुहेरी बंधाभोवती फिरू शकत नाही, तो कडक असतो. अंधारातल्या रोडॉप्सिनमध्ये अकराव्या कार्बनपाशी असलेल्या दुहेरी बंधावर ही शेपटी वाकलेली असते. या आकाराला ११-सिस म्हणतात. आणि उजेडात रंग उडाल्यावर जे रेटिनल बाहेर पडतं ते सरळ असतं, ऑल-ट्रान्स.

१९५८ मध्ये रूथ हबर्ड आणि ॲलन क्रॉफ यांनी एक ठाम विधान केलं: उजेड फक्त एवढंच करतो, वाकलेलं रेटिनल सरळ करतो. त्यानंतरचं सगळं अंधारातही होऊ शकतं.

हे विधान किती धाडसी आहे बघा. रोडॉप्सिनचा रंग बदलतो, प्रथिनाचा आकार बदलतो, पेशीत साखळी प्रक्रिया सुरू होते, मेंदूपर्यंत संदेश जातो. या सगळ्या वरातीत उजेडाचा वाटा फक्त एका बंधाच्या पिळाचा? मग हे सिद्ध कसं करायचं?

अडचण वेगाची

मी धंद्यानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ही अडचण आमच्या भाषेत दिसते. समजा एक प्रोग्राम आहे. इनपुट दिला की आउटपुट लगेच येतो. मधे वीस फंक्शन धावतात, पण तुम्हाला दोनच गोष्टी दिसतात, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं. यातलं कुठलं काम बटण दाबल्यामुळे झालं आणि कुठलं आपोआप पुढे घरंगळत गेलं, हे कसं कळणार? आपण ब्रेकपॉइंट टाकतो. प्रोग्राम एका ओळीवर थांबवतो, आतली अवस्था बघतो, मग एक पाऊल पुढे सोडतो.

रोडॉप्सिनच्या बाबतीत सुरुवातीला जांभळा आणि शेवटी पिवळा, एवढंच दिसत होतं. मधल्या पायऱ्या शरीराच्या तापमानाला सेकंदाच्या इतक्या बारीक भागात उरकतात, की त्या काळच्या कुठल्याही उपकरणाला त्या पकडता येत नव्हत्या. मग ब्रेकपॉइंट कसा टाकायचा? थंडीनं.

थंडीनं काय थांबतं, काय थांबत नाही

हा या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, म्हणून जरा सावकाश जाऊ.

एखाद्या रेणूला एका आकारातून दुसऱ्या आकारात जायचं असेल तर मधे ऊर्जेचा एक घाट चढावा लागतो. ही चढण चढायला लागणारं बळ त्याला कुठून मिळतं? आजूबाजूच्या रेणूंच्या धक्काबुक्कीतून, म्हणजेच उष्णतेतून. तापमान कमी केलं की धक्के सौम्य होतात. आणि इथे गंमत अशी, की तापमान चौपट कमी केलं तर वेग चौपट कमी होत नाही. तो घातांकानं कोसळतो.

एक उदाहरण म्हणून आकडेमोड करू. समजा घाटाची उंची मोलमागे १० किलोकॅलरी आहे. शरीराचं तापमान ३१० केल्विन. द्रवरूप नायट्रोजनचं ७७ केल्विन, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस. सूत्रात आकडे टाकले तर वेग साधारण २ वर २१ शून्यं इतक्या पटींनी कमी होतो. जे काम शरीरात एका मायक्रोसेकंदात उरकतं, त्याला ७७ केल्विनला सहा कोटींहून जास्त वर्षं लागतील. डायनासोर नाहीसे झाले त्याला साधारण तेवढाच काळ झालाय. प्रयोगशाळेच्या हिशेबात हे 'थांबलं'च.

आता उजेडाकडे बघा. ५०० नॅनोमीटरच्या उजेडाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा मोलमागे साधारण ५७ किलोकॅलरी. शरीराच्या तापमानाला उष्णतेचा सरासरी धक्का जेमतेम ०.६ किलोकॅलरीचा. फोटॉन म्हणजे जवळजवळ शंभरपट मोठा दणका, आणि तो एकाच रेणूत, एकाच वेळी. तो शोषला गेला की रेटिनलमधले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि तिथे त्या अकराव्या बंधाचा कडकपणाच निघून जातो. बंध फिरायला मोकळा होतो. घाट चढायचा प्रश्नच उरत नाही, कारण उजेडानं रेणूला उचलून थेट घाटमाथ्याच्या वर ठेवलेलं असतं. पुढचा सगळा उतार.

म्हणजे थंडी ही एक चाळणी झाली. उष्णतेवर चालणारं प्रत्येक पाऊल ती अडवते, आणि उजेडावर चालणारं पाऊल जाऊ देते. रोडॉप्सिन अतिथंड करून त्यावर उजेड टाकला आणि काहीतरी बदललं, तर तो बदल उजेडाचा. बाकी सगळं उष्णतेचं.

बर्फ नको, काच हवी

कल्पना सोपी आहे, पण करायला गेलं की पहिलाच अडथळा येतो. पाण्यातलं रोडॉप्सिन गोठवलं तर पांढराधोप बर्फ होतो. बर्फाच्या असंख्य स्फटिकांवरून उजेड इकडेतिकडे उधळतो आणि आरपार काही मोजता येत नाही.

उपाय आपल्या स्वयंपाकघरात माहीत असलेलाच आहे. साखरेचा पाक सावकाश राहू दिला तर खडीसाखर होते, स्फटिक. तोच पाक कडक करून झटकन थंड केला तर चिक्कीसारखा पारदर्शक, काचेसारखा घट्ट होतो. रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही. रोडॉप्सिनच्या द्रावणात भरपूर ग्लिसरॉल घातलं तर थंड केल्यावर ते असंच काचेसारखं घट्ट होतं. त्यातून उजेड आरपार जातो आणि कुठल्या तरंगलांबीचा किती उजेड शोषला गेला ते मोजता येतं.

बाकीची तयारी अशी. गाईबैलांचे डोळे, सगळं काम अंधारात किंवा मंद लाल दिव्याखाली, कारण लाल उजेड रोडॉप्सिन जवळजवळ शोषतच नाही. दृष्टिपटलातून दंडाकार पेशी वेगळ्या करायच्या आणि डिजिटोनिन नावाच्या साबणासारख्या द्रव्यानं त्यातलं रोडॉप्सिन विरघळवून घ्यायचं.

थंडीचा हा मार्ग आधीही चोखाळला गेला होता. १९४१ मध्ये ब्रोडा आणि गुडीव्ह यांनी उणे ७३ अंशांवर रोडॉप्सिनवर उजेड टाकला होता. रंग उडाला नाही, फक्त थोडा सरकला. म्हणजे मधे कुठेतरी थांबा आहे हे कळलं होतं. पण तो पहिला थांबा होता का? ते ठरवायला अजून खाली जायला हवं होतं.

१९६३: पहिला थांबा

जपानी शास्त्रज्ञ तोरू योशिझावा आणि जॉर्ज वॉल्ड यांनी हे काम उणे १९५ अंशांवर केलं आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केलं.

त्यांनी गोठलेल्या रोडॉप्सिनवर उजेड टाकला. नेहमीच्या तापमानाला अशा वेळी रंग फिका होतो. इथे उलटं झालं, रंग गडद झाला! शोषणाचं शिखर ५०० नॅनोमीटरच्या आसपासून उडी मारून ५४३ नॅनोमीटरला गेलं, म्हणजे लाल टोकाकडे सरकलं. या नव्या अवस्थेला त्यांनी आधी प्रीलुमिरोडॉप्सिन म्हटलं. पुढे तिचं नाव बाथोरोडॉप्सिन पडलं, आणि आता तेच रूढ आहे.

दिवा बंद केला तर ते तसंच राहिलं. पुढे सरकलं नाही, मागेही गेलं नाही. ब्रेकपॉइंट बरोबर ओळीवर लागला होता.

मग त्यांनी अंधारातच ते सावकाश गरम करत नेलं. एकेक तापमान ओलांडलं की एकेक पुढचं पाऊल मोकळं होत गेलं. गाईबैलांच्या रोडॉप्सिनसाठी तो क्रम असा:

• उणे १४० अंशांच्या खाली बाथोरोडॉप्सिन, शिखर ५४३ नॅनोमीटर.
• त्याच्या वर गेलं की लुमिरोडॉप्सिन, शिखर ४९७ नॅनोमीटरच्या आसपास. हे साधारण उणे ४० पर्यंत टिकतं.
• मग मेटारोडॉप्सिन-एक, ४७८ नॅनोमीटर. हे साधारण उणे १५ पर्यंत.
• त्याच्या वर मेटारोडॉप्सिन-दोन, ३८० नॅनोमीटर. इथे रंग पिवळा पडतो.

पेशीला 'उजेड आला' ही खबर देणारी अवस्था शेवटची, मेटारोडॉप्सिन-दोन. तिच्यात प्रथिनाचा आकार असा उघडतो की शेजारचं ट्रान्सड्यूसिन नावाचं प्रथिन त्याला येऊन भिडू शकतं, आणि पेशीतली पुढची साखळी सुरू होते.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. पहिल्या पायरीनंतर एकाही पायरीला दिवा लागला नाही. नुसती ऊब पुरली. शरीरात ही ऊब कायमच असते, म्हणून तिथे हा सगळा जिना मिलिसेकंदांत उतरून होतो आणि आपल्याला तो एकच क्षण वाटतो.

पण ते रेटिनल खरंच सरळ झालं होतं का?

इथे एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, थांबा. रंग बदलला, मान्य. पण रंग बदलला म्हणजे रेटिनल वाकड्याचं सरळ झालं, हे कशावरून? इतक्या थंडीत, काचेत जखडलेल्या प्रथिनाच्या पोटात, एवढी हालचाल कशी होईल?

प्रश्न बरोबर आहे. आणि त्याचं उत्तरही त्याच गोठलेल्या नमुन्यातून मिळालं. मला हा युक्तिवाद फार आवडतो.

बाथोरोडॉप्सिनवर, तापमान न बदलता, ६०० नॅनोमीटरच्या पलीकडचा नारंगी-लाल उजेड टाकला. हा उजेड रोडॉप्सिन फारसा शोषत नाही, बाथोरोडॉप्सिन शोषतं. काय झालं? ते मागे फिरलं. त्यातलं काही पुन्हा रोडॉप्सिन झालं. पण काही एका तिसऱ्याच अवस्थेत गेलं, आयसोरोडॉप्सिन. यात रेटिनल अकराव्याऐवजी नवव्या बंधावर वाकलेलं असतं. आणि आयसोरोडॉप्सिनवर पुन्हा उजेड टाकला की तेही बाथोरोडॉप्सिनच होतं.

आता विचार करा. एक शेपटी अकराव्या जागी वाकलेली, दुसरी नवव्या जागी वाकलेली. दोन्ही उजेडानं एकाच आकाराला पोचतात आणि तिथून उजेडानंच दोन्हीकडे परत जाऊ शकतात. दोघींना सामाईक असा आकार कुठला? सरळ. दोन्ही बाक निघालेला. बाथोरोडॉप्सिनमध्ये रेटिनल ऑल-ट्रान्स असणार, याचा हा भक्कम पुरावा होता.

यातून आणखी एक गोष्ट कळते. एकाच रंगाचा उजेड कितीही वेळ टाकला तरी सगळ्याचं बाथोरोडॉप्सिन होत नाही, कारण तोच उजेड तयार झालेलं बाथोरोडॉप्सिनही शोषतं आणि त्याला मागे ढकलतो. शेवटी तिघांचं एक मिश्रण ठरतं, जाणारे आणि येणारे सारखे. उजेडाचा रंग बदलला की मिश्रणाचं प्रमाण बदलतं.

मग पुढे लोकांनी द्रवरूप हेलियमही वापरून पाहिला, ४ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश. उजेडानं होणारा बदल तिथेही थांबला नाही.

ब्रेकपॉइंटमुळेच प्रोग्राम बदलला तर?

सॉफ्टवेअरमध्ये एक जुनी डोकेदुखी आहे. डीबगर लावला की बग गायब होतो, काढला की परत येतो. थांबवल्यामुळेच वागणूक बदलते. इथेही ती शंका रास्त होती. उणे १९५ अंशांवर ग्लिसरॉलच्या काचेत जे दिसलं, ते ३७ अंशांच्या जिवंत डोळ्यात घडतं कशावरून? थंडीनं निर्माण केलेला हा भलताच प्रकार नसेल कशावरून? शास्त्रज्ञांनी ही शंका हलक्यात घेतली नाही. तिला उत्तर द्यायला पुढची साठ वर्षं लागली, आणि ते हप्त्याहप्त्यानं आलं.

पहिला हप्ता १९७२. पिकोसेकंद लेसर आले होते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. बुश, ॲपलबरी, लामोला आणि रेंटझेपिस यांनी खोलीच्या तापमानाला रोडॉप्सिनवर लेसरचा झटका दिला आणि बाथोरोडॉप्सिनची खूण शोधली. ती मिळाली, आणि ६ पिकोसेकंदांच्या आत मिळाली. म्हणजे ही अवस्था गरम नमुन्यातही येते, फक्त तिथे ती क्षणभंगुर असते.

पण यातून नवाच वाद उठला. इतक्या कमी वेळात शेपटी फिरू शकते का? की पहिलं पाऊल दुसरंच काही आहे, एखादा प्रोटॉन इकडून तिकडे जाणं वगैरे? १९८०च्या सुमारास कोजी नाकानिशी यांच्या गटानं यावर सुंदर तोडगा काढला. त्यांनी अकराव्या बंधाभोवती एक कडं बांधलेलं कृत्रिम रेटिनल तयार केलं. शेपटीला जणू कुलूप. हे रेटिनल ऑप्सिनमध्ये नीट बसलं, रंगही आला. पण उजेड टाकला तरी त्या रोडॉप्सिनचा रंग उडेना. बंध फिरू शकत नसेल तर पुढचं काहीच होत नाही!

१९९१ मध्ये शोनलाइन, पेटिआनू, मॅथीज आणि शँक यांनी आणखी वेगवान लेसरनं दाखवलं की बंध फिरण्याचं काम २०० फेम्टोसेकंदांत होतं. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. निसर्गातल्या सगळ्यात वेगवान रासायनिक क्रियांपैकी ही एक.

मग आकार प्रत्यक्ष पाहायची वेळ आली. २००० साली पाल्चेव्स्की आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी गाईबैलांच्या रोडॉप्सिनची अणूंपर्यंतची रचना मिळवली. आणि २००६ मध्ये नाकामिची आणि ओकादा यांनी पुन्हा थंडीचीच युक्ती वापरली. रोडॉप्सिनचा स्फटिक अतिथंड ठेवून त्यावर उजेड टाकला आणि बाथोरोडॉप्सिनची रचना टिपली. रेटिनल ट्रान्स झालेलं होतं, पण सुबक सरळ नव्हतं. पिळवटलेलं, वेडंवाकडं, जागा अपुरी पडल्यामुळे कसंबसं कोंबलेलं.

शेवटचा हप्ता २०२३ चा. क्ष-किरण लेसरनं, खोलीच्या तापमानाला, उजेड पडल्यानंतर फक्त एका पिकोसेकंदानं रोडॉप्सिनची रचना टिपण्यात आली. काय दिसलं? पिळवटलेलं ट्रान्स रेटिनल, आजूबाजूच्या प्रथिनाशी असलेले निम्मे संबंध तोडून बसलेलं. जे साठ वर्षांपूर्वी गोठलेल्या काचेतून तर्कानं काढलं होतं, तेच. शिवाय थंडीत न दिसलेली एक गोष्टही दिसली: उरलेली ऊर्जा प्रथिनाच्या एका दिशेनं होणाऱ्या, श्वास घेतल्यासारख्या हालचालीतून बाहेर पडत होती. म्हणजे थंडीनं पायरी बरोबर दाखवली होती, पण त्या पायरीवरची थरथर तिनं गोठवून टाकली होती. ब्रेकपॉइंटवर अवस्था कळते, धावणं कळत नाही, तसंच हे.

तो पीळ कशासाठी?

रेटिनल पिळवटलेलं राहतं, याला अर्थ आहे. १९७९ मध्ये ॲलन कूपर यांनी द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, उजेड टाकल्यावर नमुन्यात किती ऊर्जा अडकून राहते ते मोजलं. उत्तर आलं मोलमागे साधारण ३५ किलोकॅलरी. फोटॉननं दिलेल्या ५७ पैकी साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा त्या पिळात साठते.

उंदीर पकडायच्या चापाची स्प्रिंग ताणून ठेवतात ना, तसं. उजेड स्प्रिंग ताणतो. पुढे लुमि, मेटा-एक, मेटा-दोन या पायऱ्यांवर ती स्प्रिंग सैल होत जाते आणि जाता जाता प्रथिनाला ढकलून उघडते. म्हणूनच पुढचं सगळं काम नुसत्या उबेवर होऊ शकतं. ऊब त्याला फक्त घाट ओलांडून देते, पुढे ढकलायचं बळ पिळातच असतं.

मग उष्णताच बटण दाबत नाही का?

हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रेणू शरीरात ३७ अंशांवर सतत धक्के खातोय. कधीतरी उष्णतेच्या धक्क्यानंच रेटिनल सरळ झालं तर? पेशीला ते उजेडासारखंच वाटणार. खोटा गजर.

असं होतं, पण फार क्वचित. १९८०च्या दशकात डेनिस बेलर आणि सहकाऱ्यांनी एकेका दंडाकार पेशीची वीज मोजून हे खोटे गजर मोजले. माकडाच्या एका पेशीत साधारण १६० सेकंदांतून एक. दहा कोटी रेणूंमधून एक! हिशेब केला तर एखाद्या रेणूला स्वतःहून फसायला सरासरी काहीशे वर्षं लागतात. आणि खरा फोटॉन शोषला, तर तीनपैकी दोन वेळा तो रेणू नक्की फिरतो. इतका जड खटका, आणि तरी फोटॉनच्या एका बोटानं दबणारा. यामुळेच अमावास्येच्या रात्री, चांदण्यांच्या उजेडात, तुम्हाला पायवाट दिसू शकते.

आणि तापमान खरंच फरक पाडतं. १९८८ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की बेडूक आणि भेक यांसारख्या थंड रक्ताच्या प्राण्यांचं शरीर जितकं थंड, तितके खोटे गजर कमी, आणि तितका मंद उजेड त्यांना दिसतो. उबदार शरीराच्या आपल्याला ही सोय नाही. पण त्या बेडकाला मेटारोडॉप्सिन-दोनपर्यंत पोचायला पुरेशी ऊब मात्र लागतेच. उणे १९५ अंशांवर फोटॉन टिपला जाईल, रेटिनल फिरेल, पीळ साठेल. पण दिसणार काहीच नाही, कारण खबर पुढे नेणारी उष्णता तिथे नाही.

तर हबर्ड आणि क्रॉफ यांचं १९५८ चं ते धाडसी विधान टिकलं. तुम्ही हे अक्षर वाचताय, यात उजेडाचा वाटा आहे एका बंधाला दिलेला पीळ, २०० फेम्टोसेकंदांचं काम. बाकी सगळं तुमच्या अंगातल्या ३७ अंशांच्या उबेनं केलंय.

पुढच्या भागात उलटा प्रवास घेऊ: सरळ झालेलं रेटिनल पुन्हा वाकवून ऑप्सिनमध्ये कसं बसवलं जातं, आणि उन्हातून अंधाऱ्या थिएटरात शिरल्यावर खुर्ची सापडायला इतका वेळ का लागतो. काही शंका असतील तर नेहमीप्रमाणे कळवा. भेटू, तोवर काळजी घ्या!